मातामाय गेल्यावर

कडुनिंब पुन्हा फुलला. अंगण सकाळी झाडलं तरी दुपारपर्यंत पुन्हा पांढरं होतं. मोहर सुताच्या खळीच्या मडक्यात पडतो, मागासाठी पसरलेल्या ताण्यावर पडतो, माझ्या डोक्यावर पडतो. डोक्यावर केस राहिले नाहीत, म्हणून पडलेला कळतो. या वासानं माणसाला बरं वाटतं म्हणतात. मला नाही वाटत. चैताचा हा वास आला की मला तो एक चैत आठवतो, आणि त्याला आता तीस वर्षं होत आली.

यंदा अंगण झाडायला ती नाही. माघात गेली. चार दिवस ताप आला आणि पाचव्या दिवशी गेली. तिचं नाव मी जन्मात घेतलं नाही, लग्नात उखाण्यापुरतं घेतलं तेवढंच. सारा मोहल्ला तिला सुदामाची बाई म्हणायचा, मी नुसतं 'वं' म्हणायचो. सुदामा आमचा पोरगा, आणि आमच्यात आईला बाई म्हणतात. आता अधूनमधून तोंडातून 'वं' निघून जातं आणि सून विचारते, "काही पाहिजे काय मामाजी?" काय सांगू तिला.

मी मराठी तिसरीपर्यंत शिकलो. पुढं हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडले ते साठी उलटली तरी तिथंच आहेत. आमच्या हातची लुगडी इतवारीच्या बाजारात जातात. लिहिणं हे माझं काम नाही. पण घरात पुन्हा गोवर आला आहे. दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला आहे, नातीच्या उशाशी असलेला माग बंद आहे, आणि माझे हात रिकामे आहेत. रिकाम्या हातांना जुनी गोष्ट सुचते. सुचली ती लिहितो.

नात चार वर्षांची. चिमी नाव. अंगभर लाल पुरळ, डोळे चिकटलेले, खोकून खोकून दमलेली. आमच्याकडं गोवर असो की मोठ्या देवी, दोन्हीला मातामायच म्हणतात. मातामाय अंगात आली की ते लेकरू लेकरू राहत नाही. घरात फोडणी द्यायची नाही. बापानं दाढी करायची नाही. जोडा घालून आत यायचं नाही. लेकराला 'अगं-तुगं' करायचं नाही, 'जी' म्हणायचं. रागवायचं नाही, मागेल ते नाही म्हणायचं नाही. कडुनिंबाच्या डहाळीनं वारा घालायचा आणि हात जोडून विचारायचं, "काय पाहिजे जी मातामाय?" सरकारी माणूस येतो, लेकरांच्या दंडावर सुई टोचून जातो, तो या सगळ्याला हसतो. हसो. त्यानं कधी आमच्या घरातले बाकीचे तीनशे दिवस पाहिले नाहीत.

ते तीनशे दिवस कसे होते तेही सांगतो. खोटं काहून बोलू?

आमच्या घरात लेकरू चालायला लागलं की कामाला लागायचं. पाच वर्षांचं झालं की रहाटावर कांड्या भरायला बसायचं. धोट्यात जी सुताची कांडी जाते ती भरणं लेकरांचं काम. सूत तुटलं की टपली, गुंता झाला की थप्पड. मी तशाच थपडा खाऊन मोठा झालो आणि मला वाटायचं, लेकरू असंच वाढतं, जशी खळ देऊन सूत ताठ होतं. आणि दुसरी एक रीत होती. बापासमोर आपलं लेकरू उचलायचं नाही. आमचा बा, म्हणजे सुदामाचा आबा, समोरच्या मागावर बसलेला असायचा, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत. त्याच्या देखत मी सुदामाला कडेवर घेतला असता तर ती निलाजरेपणाची गोष्ट झाली असती. बायकोशी बापासमोर बोलायचं नाही, तसंच हेही. म्हणजे पाहा, घर दोन खोल्यांचं, बा सदा समोर. मग लेकरू उचलायचं कधी? तर कधीच नाही. मीही कधी माझ्या बापाच्या कडेवर बसलेला मला आठवत नाही.

मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलं की बाजूला उभ्या असलेल्या पाच वर्षांच्या पोराचं तोंड आपल्या तोंडासमोर येतं. अगदी समोरासमोर. वर्षानुवर्षं ते तोंड माझ्या हातभर अंतरावर होतं आणि मी धोट्याकडं पाहत होतो.

ती पाहायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण लेकराचं तोंड वाचता यायचं. एकदा सुदामा रहाटाला लाथ मारून कोपऱ्यात जाऊन बसला. मी उठलोच होतो. तिनं मला डोळ्यानं बसवलं. मग बा ऐकेल अशा बेतानं पोराला म्हणाली, "हा राग नाही रे माह्या सोन्या. हे भेव आहे. आबा ओरडतीन म्हनून भ्यालास ना?" पोरानं मान हलवली आणि मग रडला. ती म्हणाली, "पुरतं रड. अर्धं ठेवू नको आत."

बा मागावरून गरजला, "रडाले शिकवते का पोराले? कोष्ट्याचा पोरगा आहे का नवरीमुलगी?"

ती पदर पुढं ओढून म्हणाली, "मामाजी, खळ आंबली तर मडक्यातून काढूनच टाकता ना? तसंच आहे."

बानं धोटा पुन्हा फेकला. खळीच्या गोष्टीत तो तिच्यापुढं हरायचा, कारण मोहल्ल्यात तिच्यासारखी खळ कोणाची नव्हती.

शेजारच्या पोराशी सुदामाचं भांडण झालं, चावला वगैरे, तर तिनं दोघांच्या हातात एकाच सुताच्या लडीची दोन टोकं दिली. एकानं लड धरायची, दुसऱ्यानं गुंडाळायची. एकानं हिसका दिला की सूत तुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून. आधी दोघं एकमेकांना शिव्या देत होते. मग "हळू ना बे," "तू सैल सोड ना" सुरू झालं. तासाभरानं दोघं हसत होते. मी म्हटलं, "हे कोनी शिकवलं वं तुले?" ती म्हणाली, "सुतानं." हे सगळं मी पाहत होतो. पाहत होतो आणि बायकी काम म्हणून सोडून देत होतो. आता वाटतं, त्या घरात विणकाम तीच एकटी करत होती, आम्ही बापलेक नुसते खटखट वाजवत होतो.

त्या चैतात सुदामाला गोवर आला. पाडव्याचा दिवस होता, गळ्यात साखरगाठी होती. सकाळी अंग तापलं, तिसऱ्या दिवशी पुरळ फुटलं. दाराला डहाळा बांधला गेला. आणि आमच्या घराचा आवाजच बदलला. बा, ज्याच्या ओरडण्यानं शेजारची कुत्री उठायची, तो पोराच्या अंथरुणाजवळ जाऊन हात जोडून म्हणाला, "काय पाहिजे जी?"

सुदामाला आधी कळलंच नाही. तो मागं वळून पाहायला लागला, आपल्या मागं कोण उभं आहे म्हणून.

मग कळलं. लेकरं हुशार असतात. पहिल्यांदा पाणी मागितलं. मग दहीभात. मग साखरगाठीतली मोठी बत्ताशी. मग चिकटलेले डोळे किलकिले करून हळूच म्हणाला, "बाबानं मले मांडीवर घ्यावं."

मी बाच्या तोंडाकडं पाहिलं. बा म्हणाला, "घे ना गा. माता मागून राहिली, पोरगा नाही मागून राहिला."

आणि मी घेतलं. पाच वर्षांत पहिल्यांदा. काय वजन होतं? सुताच्या दोन पेंड्यांएवढं. अंग भट्टीसारखं. त्यानं डोकं माझ्या छातीला लावलं, तिथं त्याला धडधड ऐकू आली असेल, कारण म्हणाला, "बाबा, तुह्या आत बी माग आहे." मला हसू आलं. बासमोर हसलो. कोणी काही म्हणालं नाही.

सहाव्या दिवशी ताप उतरला, पण माता अजून अंगात होती. सुदामा म्हणाला, "मातामाय म्हनते, आबानं बैल व्हावं."

ती चुलीपुढं तोंडात पदर कोंबून बसली. बा माझ्याकडं पाहतो, मी जमिनीकडं. मग आमचा बा, सत्तरीचा, गुडघ्यावर आला, हात टेकले, आणि त्या खोलीत दोन फेऱ्या मारल्या. पोरगा पाठीवर, हातात कडुनिंबाची डहाळी. "हर्र, हर्र." बा खरोखरच बैलासारखा फुरफुरला. मी शपथ घेऊन सांगतो, म्हाताऱ्याला मजा येत होती. उतरल्यावर त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "घाम आला."

असे नऊ दिवस. माझ्या घरातले ते नऊ दिवस मी पुन्हा पाहिले नाहीत.

दहाव्या दिवशी न्हाणं झालं. कडुनिंबाचा पाला घालून उन्हात तापवलेलं पाणी, मग मोहल्ल्याच्या टोकाला मातामायच्या ठाण्यावर नारळ, दहीभात, थंड पाण्याचा तांब्या. पाणी घातलं आणि मातामाय गेली. परत येताना ऊन चढलं होतं. धुळीत पाय भाजत होते. सुदामा अनवाणी. तो थांबला आणि त्यानं माझ्याकडं दोन्ही हात वर केले.

मागून बा येत होता. मला त्याच्या काठीचा आवाज येत होता.

मी म्हणालो, "चाल."

तो हात वर करून तसाच उभा. मी पुन्हा म्हणालो, "चाल म्हनलं ना." आणि पुढं निघालो. नऊ दिवस ज्याला 'जी' म्हटलं त्याला दहाव्या दिवशी 'चाल'. तिच्या हातात पूजेचं ताट होतं, ते तिनं बाच्या देखत खाली ठेवलं, पोराला उचललं आणि एका कडेवर पोरगा, एका हातात ताट, अशी घरापर्यंत आली.

जेवताना त्यानं विचारलं, "मातामाय गेली का बाबा?"

"गेली."

"मंग तू बी गेला काय?"

मी म्हणालो, "मुकाट्यानं जेव."

पुढची गोष्ट लिहायला हात चालत नाही. पण तिच्यासमोर कबूल केली नाही, निदान इथं तरी करतो.

चार-पाच दिवस गेले असतील. काठाच्या सुतासाठी लाल रंग भिजवून ठेवला होता. पक्का रंग. दुपारी आत गेलो तर सुदामा अंथरूण घालून निजलेला. अंगावर काही नाही. उशाशी कडुनिंबाचे चार वाळके डहाळे. आणि पोटावर, छातीवर, गालांवर बोटानं काढलेले लाल ठिपके. डोळे घट्ट मिटलेले. मला पाहून, म्हणजे माझी चाहूल ऐकून, बारीक आवाजात म्हणाला, "मले माता आली. मांडीवर घ्या जी."

मागून बा आला. त्यानं पाहिलं आणि थरथरायला लागला. तो राग होता असं मी तेव्हा समजलो. तिच्या भाषेत सांगायचं तर ते भेव होतं. मातेची नक्कल केली, आता ती घर बुडवणार, पोराला खरंच मोठ्या देवी येणार, असं त्याला वाटलं. मलाही वाटलं. मोहल्ल्यात त्याच उन्हाळ्यात दोन लेकरं गेली होती. बानं ताण्यातली वेताची छडी काढून माझ्या हातात दिली. "मातेची थट्टा करते? उतरव त्याची माता!"

मी उतरवली.

मी त्या छडीनं किती मारलं ते सांगत नाही. एवढंच सांगतो की तो रडला नाही. त्याच्या बाईनं त्याला पुरतं रडायला शिकवलं होतं, त्या दिवशी त्यानं सगळंच आत ठेवलं. ती पाण्यावरून आली तेव्हा घागर दारातच टाकून आत धावली. पोराला धुतलं, घासलं, पण रंग पक्का. ठिपके जाईनात. छडीचे वळ चार दिवसांत गेले, ठिपके पुढं पंधरा-वीस दिवस राहिले. तो रहाटावर कांड्या भरायला बसायचा, अंगावर माझ्याच हातानं भिजवलेल्या रंगाचे ठिपके, आणि मी समोर बसून त्याच रंगाचा काठ विणायचो.

ती मला एकच वाक्य बोलली. "त्यानं माता मागितली नव्हती, बाप मागितला होता." मी म्हणालो, "जास्त बोलू नको वं." ती मग या गोष्टीवर कधीच बोलली नाही. तीस वर्षं.

सुदामानं त्यानंतर कधी हात वर केले नाहीत. मला 'तुम्ही' म्हणायला लागला. लोक म्हणायचे, काय गुणाचं पोरगं, उलटून बोलत नाही. मीही मिरवायचो. उत्तम विणकर झाला, माझ्यापेक्षा सरस. पण ताप आला तर सांगत नाही. दात दुखला तर सांगत नाही. यंदा माघात त्याची बाई गेली तेव्हा घाटावर सारे रडले, तो लाकडं नीट करत होता.

जायच्या आदल्या दिवशी तिनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, "सुदामाशी एक डाव बोला." मी म्हणालो, "कायचं?" ती म्हणाली, "तुमाले मालूम आहे." आणि तोंड फिरवलं. मालूम होतं. पण बाप लेकाजवळ जाऊन काय म्हणतो? आमच्यात त्याची रीत नाही. रीत असती तर मी पाठ केली असती.

आता हे नऊ दिवस मी सुदामाकडं पाहतो आहे. दाढी वाढलेली, चिमीच्या अंथरुणापाशी वाकून बसलेला. "काय पाहिजे जी?" चिमी म्हणते, "गाना पाहिजे." आणि माझा मुका पोरगा गातो. त्याच्या बाईचं रहाटावरचं गाणं, बेसूर, अर्धे शब्द विसरलेला. चिमी म्हणते, "असं नाही, आजी असं नोती म्हनत." तो म्हणतो, "चुकलं जी मातामाय." मी आडोशाला बसून ऐकतो. आणि मनात मोजतो, सहा झाले, सात झाले, उद्या नववा. मला त्या दहाव्या दिवसाची भीती वाटते. कधी गिरणीच्या भोंग्याला दचकलो नाही, मेलेल्या माणसाला भ्यालो नाही, पण त्या न्हाण्याला भितो.

इथवर लिहून ठेवलं होतं. आज सकाळी न्हाणं झालं. ठाण्यापर्यंत आता मला चालवत नाही, मी ओट्यावर बसून राहिलो. ऊन चढल्यावर ती मंडळी परत आली. सून ताट घेऊन पुढं, ती सरळ आत गेली, मागून सुदामा, त्याच्या मागं चिमी. अंगणात, कडुनिंबाखाली चिमी थांबली. मोहर पडला होता त्याच्यावर तिची बारकी पावलं. तिनं बापाकडं दोन्ही हात वर केले.

सुदामानं तिच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. आणि म्हणाला, "चाल."

तेव्हा मला कळलं. इतके दिवस मी समजत होतो, पोरगा कठोर झाला, माझ्यासारखा झाला. तसं नव्हतं. तो माझा मान राखत होता. आमचा बा कधीच गेला, पण त्याच्या जागेवर मी बसलो होतो. माझी काठी ओट्याला टेकून उभी होती.

मी म्हणालो, "सुदामा, उचल तिले."

"राहू द्या बाबा. चालते ते."

"उचल म्हनतो ना गा."

तो खाली पाहून म्हणाला, "मातामाय गेली ना आता."

"मातामाय गेली," मी म्हणालो, "पोरगी तर इथंच आहे."

तो हलला नाही. मी बोललो म्हणून काय झालं? माझ्या तोंडाला हुकूमच करता येतो, आणि हुकुमानं उचललेलं लेकरू कसं लागतं ते मला ठाऊक आहे, मी ते नऊ दिवस मांडीवर घेतलं होतं. आणखी काही बोलायचं होतं. लाल रंगाचं बोलायचं होतं. त्याच्या गालावर, कानाखाली माझी नजर गेली. तिथं आता ठिपका नाही, कधीचाच नाही, पण मी पाहिलं.

मग मला एकच सुचलं. मी काठी घेतली आणि उठलो. अंगणाकडं पाठ केली आणि आत गेलो. चिमीच्या उशाजवळच्या त्या बंद मागाच्या खड्ड्यात पाय सोडून, भिंतीकडं तोंड करून बसलो. धोटा हातात घेतला, पण चालवला नाही. माग वाजला असता तर बाहेरचं ऐकू आलं नसतं.

मग ओट्याच्या पायरीवर पावलं वाजली. मी मान वळवली नाही. नुसतं ऐकलं. पावलं एकाच माणसाची होती, ओझं घेतल्यासारखी जड.